चिवड्याच्या पाकिटावर 'जीएम-मुक्त' छापू का?

फराळवाली_सिडको:

नमस्कार मंडळी. नाशिकच्या सिडकोत घरूनच फराळाचं काम करते. मक्याचा चिवडा, पातळ पोह्यांचा चिवडा, शेव, चकली, शंकरपाळे. एरवी मी आणि सासूबाई, दिवाळीत शेजारच्या दोघी मदतीला येतात. एफएसएसएआयचं (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं) रजिस्ट्रेशन आहे, चौदा आकडी नंबर पाकिटावर छापते, तारीख-वजन-किंमत सगळं व्यवस्थित असतं.

परवा गंगापूर रोडच्या एका सोसायटीत प्रदर्शन होतं, तिथे टेबल लावलं होतं. एका मुलीने चिवड्याचं पाकीट उलटं करून मागचं सगळं वाचून काढलं आणि म्हणाली, "काकू, हे जीएम-फ्री आहे का?" मी म्हटलं, अगं घरचं आहे, एकदम शुद्ध. तर म्हणे शुद्ध वेगळं, जीएम-फ्री वेगळं; जीएम म्हणजे जीन बदललेलं पीक. पाकीट ठेवलं आणि शेजारच्या टेबलावर गेली. तिथे नाचणीच्या बिस्किटांवर हिरव्या ठळक अक्षरांत 'नॉन जीएमओ' होतं, ती घेतली. नाचणीत कुठून येणार हो जीएम?

गिऱ्हाईक गेल्याचं एवढं नाही, पण मला उत्तर देता आलं नाही ते लागलं. घरी येऊन सामानाचा एकेक डबा बघितला. मक्याचे पोहे, शेंगदाणे, डाळं, खोबरं हे सगळं रविवार कारंज्याच्या होलसेलवाल्याकडून, गोणीत, त्यावर लेबल कसलं. तेल मात्र डब्यातलं, १५ किलोचं. चिवड्याला रिफाइंड सोयाबीन, चकलीला सरकीचं (सासूबाईंचा हट्ट, चकली काळी पडत नाही आणि तेलाचा वास लागत नाही). त्या डब्यावर काय काय छापलंय बघा: अ आणि ड जीवनसत्त्व घातल्याची निळी खूण, हृदयाचं चित्र, 'कोलेस्टेरॉल नाही', रिकामा डबा पुन्हा वापरू नका. सोयाबीन कुठल्या देशातलं, कसल्या बियाण्याचं, याबद्दल अक्षर नाही. कंपनीच्या ग्राहक नंबरला फोन लावला. ताईंनी छान गोड आवाजात सांगितलं, "आमचं उत्पादन सर्व नियमांचं पालन करतं." नियम काय आहे विचारलं तर ईमेल करा म्हणाल्या.

तर माझ्या चिवड्यात जीएम आहे की नाही, आणि पाकिटावर 'जीएम-मुक्त' छापलं तर चालेल का, कुणी नीट सांगाल का? व्हॉट्सॲपवरचं नको, तेवढं मलाही येतं.

पंचवटीकर:

ताई, सोपं आहे. देशी वापरा. हायब्रीड म्हणजे सगळं जीएमच. बिनबियांची द्राक्षं, ती लाल पपई, क्रिकेटच्या चेंडूएवढे टोमॅटो, सगळं लॅबमधलं. बाहेरच्या फळांवर स्टिकर असतं, नंबर 8 ने सुरू झाला की जीएम, 9 ने झाला की ऑरगॅनिक. मी तर मॉलमध्ये चष्मा लावून बघतो.

द्राक्षबाग_दिंडोरी:

पंचवटीकर भाऊ, चष्मा काढा जरा. बिनबियांचं थॉमसन द्राक्ष जीन-बिन कुणाला ठाऊक नव्हतं तेव्हापासूनचं आहे. आम्ही डॉगरिज जातीच्या खुंटावर कलमाची काडी भरतो, मणी फुगवायला जीए या वाढीच्या संप्रेरकात घड बुडवतो, यात जीन बदलायचा प्रश्नच येत नाही. लाल पपई हायब्रीड आहे. हायब्रीड म्हणजे दोन वाणांचा संकर, आणि जीएम म्हणजे एका जीवाचा जीन प्रयोगशाळेत काढून दुसऱ्यात बसवणं. आणि 8 नंबरचं स्टिकर कधी दुकानात आलंच नाही. तो आकडा जीएमसाठी राखून ठेवला होता, कुणी वापरला नाही. आपलं जीएम आहे असं स्वतःहून कोण चिकटवेल? 9 चं मात्र खरं आहे.

ताई, आता तुमचं. आपल्या देशात शेतकऱ्याला पेरायला खुली परवानगी असलेलं जीएम पीक एकच, कपाशी. मार्च 2002 मध्ये बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारणारा जीवाणूचा जीन बसवलेल्या कपाशीला, मंजुरी मिळाली. आज देशातली नव्वद टक्क्यांहून जास्त कपाशी बीटी आहे. म्हणजे तुमच्या चकलीचं सरकीचं तेल जवळजवळ नक्कीच बीटी सरकीचं. आपल्या निफाड-सिन्नरचं सोयाबीन जीएम नाही, येवल्या-चांदवडचा मकाही नाही. पण देशाला लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं, आणि सोयाबीन तेल येतं ते मुख्यतः अर्जेंटिना-ब्राझीलमधून. तिथलं सोयाबीन बहुतेक सगळंच जीएम. तुमच्या डब्यात इंदूरकडचं तेल आहे की अर्जेंटिनाचं की दोन्ही एकत्र, हे तुम्हाला नाही, तुमच्या होलसेलवाल्यालाही नाही माहीत.

मला राग येतो तो इथे. मी युरोपला माल देतो. 2010 साली आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट हे वेलीची वाढ रोखणारं औषध सापडलं म्हणून तिकडे कंटेनर अडकले होते, जुन्या बागायतदारांना आठवत असेल, किती घरं खचली. तेव्हापासून शिस्त आणखी कडक झाली. माझा प्लॉट ग्रेपनेटवर (निर्यातीच्या द्राक्षबागांच्या सरकारी नोंदणीत) नोंदलेला आहे, खुडा व्हायच्या आधी प्रयोगशाळेचा माणूस येऊन नमुना घेऊन जातो, औषधांच्या उरलेल्या अंशाचा रिपोर्ट आल्याशिवाय पॅकहाऊस माल आत घेत नाही, आणि पेटीवरच्या कोडवरून हॉलंडातला दुकानदार थेट माझ्या बांधापर्यंत पोचतो. हे सगळं आम्ही करतो, खर्च करून करतो, कारण तिकडचा खाणारा विचारतो. आणि माझ्याच घरात माझी आई ज्या तेलात भजी तळते त्याचा पत्ता ब्राझील की इंदूर ते सांगता येत नाही. जमत नाही असं कुणी म्हणू नये. नाशिकचा शेतकरी करून दाखवतोय.

मालेगाव_बीबियाणे:

दादा, तुमची पेटी किलोला काय भावाने जाते आणि ताईंचा चिवडा काय भावाने, ते बघा ना आधी. युरोपचा खर्च युरोपचा ग्राहक देतो. इथे तो खर्च चिवड्यावर चढवणार का?

माझं बियाण्यांचं दुकान आहे, कपाशी विकतो, त्यामुळे माझं मत कुणाला पटणार नाही ते माहीत आहे. तरी बोलतो. बीटी येण्याआधी बोंडअळीवर लोक औषधांचं कॉकटेल मारायचे, आठवड्याला फवारणी. मी तो काळ काउंटरच्या मागून बघितलाय. पुढे गुलाबी अळी बीटीलाही पचवायला शिकली हेही खरं, ते लपवत नाही. पण त्या सरकीचं तेल आपण वीस वर्षांवर खातोय. सरकीची पेंड गाई-म्हशी खातात, त्यांचं दूध आपण पितो. मग दुधाच्या पिशवीवरही जीएम छापायचं का? 2021 साली सोयाबीन दहा हजारांवर गेलं तेव्हा पोल्ट्रीवाले ओरडले, आणि सरकारने 12 लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. ती कोंबड्यांनी खाल्ली, कोंबड्या आपण खाल्ल्या. अंड्यावर शिक्का मारायचा का? युरोप एवढा कडक, पण जीएम चारा खाल्लेल्या गाईच्या दुधावर तिथेही लेबल लागत नाही. म्हणजे रेघ त्यांनीही कुठेतरी सोयीनेच ओढली.

लेबल म्हणजे लोकांच्या डोक्यात भीती. 2020 चा मे आठवा. टोमॅटोवर 'तिरंगा व्हायरस' आला. रोग झाडाचा. टीव्हीवाल्यांनी असं दाखवलं की टोमॅटो खाल्ला की माणूस आडवा. लॉकडाऊन, त्यात हे. बेंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेत नमुने गेले, झाडाचा विषाणू माणसाला काही करत नाही हे शास्त्रज्ञ सांगून सांगून थकले, पण तोवर भाव मातीत गेला होता. दोन अक्षरं 'जीएम' पाकिटावर दिसली की हेच होणार. वांग्याचं काय झालं बघा. अळी लागत नाही असं बीटी वांगं, 2009 मध्ये केंद्राच्या जीएम मंजुरी समितीने हिरवा कंदील दिला, तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत सुनावण्या घेतल्या, आपल्याकडे नागपूरला झाली, आणि 9 फेब्रुवारी 2010 ला स्थगिती. बांगलादेशाने 2013 मध्ये तेच तंत्र मंजूर केलं, तिथले शेतकरी पिकवतात. आपण मात्र बाजारातून औषधात बुडवलेलं वांगं आणून भरीत करतो, त्यावर लेबल नाही आणि कुणी मागतही नाही.

फराळवाली_सिडको:

मालेगावचे दादा, रागावू नका, पण तुम्ही उत्तर वेगळ्याच प्रश्नाचं दिलंत. जीएम वाईट आहे असं मी म्हटलंच नाही. माझ्या पोराने सरकीच्या तेलातल्या चकल्या खाऊन बारावी काढली, ठणठणीत आहे. विषय एवढाच की कुणी विचारलं तर मला सांगता यायला हवं.

आणि भीतीचं म्हणाल तर, पाकिटावर हिरवा ठिपका असतो ना? मांसाहाराला तपकिरी खूण असते. ती खूण म्हणजे विष असं कुणी म्हणतं का? माझ्याकडे येणारी निम्मी गिऱ्हाइकं ठिपका बघून घेतात, निम्मी बघतही नाहीत. अंडं घातलेल्या केकचा धंदा त्या खुणेने बुडाला नाही, उलट बिनअंड्याचा वेगळा धंदा उभा राहिला. खाणाऱ्याला आपल्या ताटात काय आहे ते ठरवायचं असतं, कारण धर्माचं असेल, डॉक्टरांचं असेल, नुसता हट्ट असेल. तो आपण का तपासायचा? माझ्या सासूबाई चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत. त्यांना कुणी विज्ञान विचारत नाही, वेगळा चिवडा करतो.

टोमॅटोचं तुमचं पटलं मात्र. पण तिथे तरी लेबल कुठे होतं? उलट कुणाला काहीच माहीत नव्हतं म्हणून टीव्हीने सांगितलं ते खरं धरलं लोकांनी.

वांग्याच्या औषधाचंही पटलं. त्याचंही छापा म्हणते मी.

चाचणी_सातपूर:

खाद्यपदार्थांच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत काम केलंय, त्यामुळे कायदा आणि तपासणी एवढ्यापुरतंच लिहितो.

आधी कायदा. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याचं कलम 22 म्हणतं की नियमांत तरतूद असल्याखेरीज जीएम अन्न बनवायचं, आयात करायचं, विकायचं नाही. म्हणजे दार बंद, किल्ली नियमांत. आणि नियमांचा प्रवास असा: वजनमाप खात्याच्या नियमांत 1 जानेवारी 2013 पासून जीएम अन्न असलेल्या पाकिटावर वरच्या बाजूला 'जीएम' ही अक्षरं छापा असं आलं. तुम्ही कुणी पाहिलंय असं पाकीट? मी नाही. कारण कशाला जीएम धरायचं, किती टक्क्यांपासून धरायचं, तपासायचं कुणी, यातलं काहीच त्यासोबत आलं नाही. मग एफएसएसएआयने नोव्हेंबर 2021 मध्ये मसुदा काढला. एखाद्या घटकात 1 टक्का किंवा जास्त जीएम असेल तर तसं छापा, असं त्यात होतं. हरकती आल्या, नोव्हेंबर 2022 मध्ये सुधारित मसुदा आला. आयातीच्या बाजूने मात्र काम पुढे गेलं: 2021 पासून 24 पिकांच्या मालासोबत जीएम नसल्याचा दाखला लागतो, त्यातही 1 टक्क्याची सूट आहे. सोयाबीन, मका, पपई, सफरचंद, बटाटा सगळं त्या यादीत आहे. यादी पिकांची आहे, सोयाबीनचं तेल हा पुढचा पदार्थ, म्हणून तुमचा डबा त्या जाळ्यातून सुटतो.

जीएम मोहरीच्या डीएमएच-11 वाणाची केस बऱ्याच जणांना माहीत असेल. 23 जुलै 2024 ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी परस्परविरुद्ध निकाल दिले, पण राष्ट्रीय धोरण करा यावर दोघांचं एकमत होतं. त्याच निकालात जीएम खाद्यतेल आयात करताना अन्न सुरक्षा कायद्याचं कलम 23 पाळा असंही आहे. कलम 23 म्हणजे वेष्टन आणि लेबल. फराळवाली ताई, ग्राहक नंबरवाल्यांना ईमेल करणार असाल तर हे कलम त्यात घाला.

आता तपासणी, कारण खरी गोम तिथे आहे. जीएम ओळखतात ते डीएनएवरून. बसवलेल्या जीनच्या पुढेमागे ठराविक तुकडे असतात, ते पीसीआर यंत्रावर शोधायचे. कोविडमध्ये नाकातला स्वॅब तपासायचे तेच तंत्र. कच्च्या सोयाबीनवर हे उत्तम चालतं. पण तेल काढलं, गोंद काढला, ब्लीच केलं, वाफेने वास घालवला की डीएनए जवळजवळ उरतच नाही. जीएम सोयाबीनचं रिफाइंड तेल आणि साध्या सोयाबीनचं रिफाइंड तेल माझ्यासमोर ठेवलं तर बहुतेक वेळा मला फरक सांगता येणार नाही. 'बहुतेक' म्हणतो, कारण 2018 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने 65 पदार्थ तपासले होते. 21 मध्ये जीएम सापडलं, बहुतेक आयात मालात, आणि देशात बनलेल्यांपैकी सरकीच्या तेलात. त्यातल्या काही पाकिटांवर तर 'जीएम नाही' असं छापलेलं होतं. त्यामुळे शेजारच्या टेबलावरच्या हिरव्या अक्षरांनी फार दबून जाऊ नका.

यावरूनच जगात दोन वाटा झाल्या. युरोपात 2004 पासून उगम बघतात: जीएम सोयाबीनचं तेल असेल तर डीएनए सापडो न सापडो, लेबल हवंच. अपघाताने मिसळलेलं 0.9 टक्क्यांपर्यंत माफ. त्यासाठी शेतापासून कागद सांभाळावे लागतात, दिंडोरीकर दादा द्राक्षाला करतात तसंच. अमेरिकेने 2016 मध्ये कायदा केला, 1 जानेवारी 2022 पासून सक्तीचा. त्यात सूट 5 टक्क्यांपर्यंत, आणि शुद्धीकरणात जीन उरलाच नसेल तर ते तेल लेबलाच्या बाहेर ठेवलं. पाकिटावर मजकुराऐवजी क्यूआर कोड दिला तरी चालेल असंही त्या नियमांत ठेवलं. म्हणजे तुमच्या चिवड्याचं एक पाकीट जर्मनीच्या दुकानात आणि एक अमेरिकेच्या दुकानात ठेवलं तर एकाच तेलाला दोन वेगळे न्याय. आपण यातली कुठली वाट धरणार, हा खरा वाद आहे. टक्का एक की पाच, हा नंतरचा.

माझं मत विचाराल तर उगमाची वाट. प्रयोगशाळेत बसून सांगतो, यंत्रावर सगळं सोडलं तर तेलवाले कायम सुटतील आणि गोणीतून मका घेणारे तुमच्यासारखे सापडतील. जीनोम-संपादित (पिकाच्याच जीनमध्ये बारीक बदल केलेल्या) भातासारखं पुढे जे येतंय त्यात तर बाहेरचा जीनच नसतो. 2025 च्या मेमध्ये अशा दोन वाणांची घोषणा झाली, आणि त्या प्रकाराला 2022 मध्येच जीएमच्या नियमांतून वगळलंय. तिथे यंत्र काय शोधणार?

ताई, तुमच्यापुरतं उत्तर: 'जीएम-मुक्त' छापू नका. 2018 च्या जाहिरात आणि दाव्यांच्या नियमांप्रमाणे छापलेला दावा सिद्ध करायची जबाबदारी छापणाऱ्याची. उद्या अधिकाऱ्याने कागद मागितला तर रविवार कारंज्याचं बिल दाखवणार का?

मालेगाव_बीबियाणे:

साहेब, कागद सांभाळायचं म्हणता, पण सुट्या तेलाचं काय? सुटं तेल विकायला बंदी आहे आणि गल्लोगल्ली विकलं जातं. मिसळीची तर्री कुठल्या तेलाची, वडापावच्या कढईत काय आहे, तिथे लेबल लावणार कुठे? पावावर? शेवटी कागद ठेवणार ताईंसारखे, आणि मोठे लोक वकील ठेवणार.

चाचणी_सातपूर:

हे मान्य. म्हणूनच कागद वरून सुरू व्हायला हवा, बंदरावर उतरणाऱ्या टँकरपासून. उरण-जेएनपीटीला उतरताना त्या तेलाची सगळी कागदपत्रं असतात, देश असतो. नाशिकला डब्यात पोचेपर्यंत ती गळून जातात, कारण पुढे न्यायची सक्ती कुणावर नाही.

पंचवटीकर:

म्हणजे स्टिकरवर 8 बघण्यात माझे डोळे गेले ते फुकटच. असो. ताई, शेंगदाणा तेल वापरा ना सरळ. आडगाव नाक्याकडे लाकडी घाणा आहे, समोर काढून देतो.

द्राक्षबाग_दिंडोरी:

हे भाऊंनी पहिल्यांदाच बरोबर सांगितलं. भुईमूग, करडई, तीळ, सूर्यफूल यात आपल्या बाजारात जीएम नाही. पामतेलही जीएम नाही, पण ते चिवड्यात घालू नका, थंडीत थिजतं आणि टाळूला चिकटतं.

फराळवाली_सिडको:

सगळ्यांचे आभार. घाण्याचं तेल महाग पडतं हो. हिशेब केला, सगळा माल शेंगदाणा तेलात केला तर पाव किलोच्या पाकिटाला जी किंमत लावावी लागेल त्यात सिडकोतलं रोजचं गिऱ्हाईक पळेल. त्यातून शेंगदाणा तेलात तळलेले मक्याचे पोहे चार दिवसांत खवट वास मारायला लागले, ते वेगळंच. पातळ पोह्यांच्या चिवड्याला मात्र छान लागतं, तिथे नुसती फोडणी असते, तळण नसतं.

ठरवलं ते असं. पातळ पोह्यांचा चिवडा घाण्याच्या तेलात, किंमत थोडी जास्त. मक्याचा सोयाबीनमध्येच, चकली सरकीतच. घटकांच्या यादीत तेलाचं नाव द्यावंच लागतं, ते मी देतेच, पण बारीक अक्षरांत मागे असतं. आता तेच पुढच्या बाजूला, पदार्थाच्या नावाखाली मोठ्या अक्षरांत घेते: 'सरकीच्या तेलात तळलेली', 'रिफाइंड सोयाबीन तेलातला', 'घाण्याच्या शेंगदाणा तेलातला'. मुक्त-बिक्त काही नाही. ज्याला कळतं तो त्यावरून समजेल, ज्याला विचारायचंय त्याला मी हे सगळं तोंडी सांगेन, आता येतंय.

सासूबाई म्हणाल्या, सरकीचं नाव पुढे छापलंस तर चकली कोण घेईल, लोक म्हणतील गुरांचं खाणं. मी म्हटलं, मग निदान खरं काय ते बघून नाही म्हणतील.

तेल कंपनीला ईमेल टाकलाय, कलम 23 घालून. उत्तर आलं तर इथेच चिकटवते. सातपूरचे दादा, बंदरावरचे ते कागद माझ्यासारखीला माहिती अधिकारात मागता येतात का, आणि अर्ज कुठल्या खात्याकडे करायचा, कस्टम्स की एफएसएसएआय?